कमालाला कायदा नको होता, उस्ताद हवा होता

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांच्या पालकसभेत एकच तक्रार ऐकू येते, मुले वाचत नाहीत. तक्रार करणाऱ्या घरातले मूल कॉमिक्स घेऊन बसले, तर मात्र ते त्याच्या हातातून काढून घेतले जाते. ‘चित्रे बघतोय, वाचतोय कुठे?’ शिवाय अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणारी अमेरिकन माणसे, त्यांचा आपल्याशी काय संबंध?

म्हणून आज एका कॉमिक्सची ओळख करून देते. त्याचे नाव ‘चॅम्पियन्स’. मार्व्हल कंपनीने २०१६ साली सुरू केलेले हे किशोरवयीन सुपरहिरोंचे पथक आहे, आणि त्याची नेता एक मुसलमान मुलगी आहे. सुपरहिरोंचे एकही पान न उघडलेल्या वालिदैन आणि शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून मी हे लिहिते आहे. मुलांना ही ओळख नको, ती आपल्याला शिकवतील. पण या कथांमधून मोठ्यांनी घ्यावे असे काही आहे असे मला वाटते, आणि ते आपल्या मोहल्ल्यांपर्यंत येऊन पोचते.

आधी थोडी वंशावळ. वडीलधाऱ्या नायकांच्या मागून धाकटी पिढी मैदानात उतरते, ही गोष्ट उर्दू वाचकाला नवी नाही. दास्तान-ए-अमीर हमजामध्ये मुले-नातवंडे मोहिमा पुढे नेतात. होशरुबाच्या तिलिस्मावर चालून जाणारा शहजादा असद हा हमजाचा नातूच आहे. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कोणत्याही जादूशिवाय, नुसत्या सायकलवर आणि डोक्यावर, मोठ्यांना न सुटणारी कोडी सोडवत राहिला.

अमेरिकन कॉमिक्समध्ये १९४० साली बॅटमनच्या जोडीला रॉबिन आला आणि पोरसवदा साथीदारांची रीत पडली. १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’ आले. ते मुळात पाच किशोरवयीन विद्यार्थी होते आणि त्यांच्या डोक्यावर एक प्राध्यापक होता. १९६४ मध्ये रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड एकत्र आले. त्यातून ‘टीन टायटन्स’ उभे राहिले, म्हणजे मोठ्या नायकांच्या चेल्यांचा आपला स्वतंत्र गट. चॅम्पियन्सची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांच्यातली तिघे मोठ्यांच्या पथकात होती आणि राजीनामा देऊन बाहेर पडली.

राजीनामा का दिला, हे कळण्यासाठी त्या तिघांतल्या कमालाला भेटू या.

कमाला खान सोळा वर्षांची आहे. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहते. अब्बू युसुफ, अम्मी मुनीबा आणि दीनदार मोठा भाऊ आमिर असे घर. खानदान कराचीचे, पण एका अंकात आपल्याला १९४७ ची मुंबई दिसते. फाळणीच्या धामधुमीत कमालाचे पणजी-पणजोबा तिथून निघून कराचीला जातात. म्हणजे या मुलीचे एक मूळ आपल्या मुंबईत आहे.

तिला घडवणाऱ्यांत संपादक सना अमानत आहेत. त्या स्वतः न्यू जर्सीत वाढलेल्या पाकिस्तानी-अमेरिकन. लेखिका जी. विलो विल्सन यांनी इस्लाम स्वीकारला आणि त्या काही काळ कैरोत राहिल्या. चित्रकार एड्रियन अल्फोना. कमाला २०१३ मध्ये प्रथम दिसली आणि २०१४ मध्ये तिची स्वतःची ‘मिस मार्व्हल’ ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कमालाला हवे तसे लांब-रुंद होण्याची, रूप बदलण्याची ताकद मिळते. ती मिळाल्याबरोबर ती गोरी, सोनेरी केसांची, तिच्या लाडक्या कॅरल डॅन्व्हर्ससारखी होते. आणि लगेच तिच्या लक्षात येते की या रूपात जीव गुदमरतो आहे. पुढे ती आपल्याच रंगात, आपल्याच चेहऱ्याने लढायचे ठरवते. पोशाखही घरातल्याच एका बुर्किनीतून बेतून काढते. पहिल्यांदा कुणाला बुडताना वाचवायची वेळ येते, तेव्हा अब्बूंनी ऐकवलेली कुरआनची एक आयत तिला आठवते, एका जिवाचे मोल अवघ्या मानवजातीएवढे मानणारी. नायिका होण्यासाठी तिला घर सोडावे लागत नाही आणि दीनही सोडावा लागत नाही. घरच्यांशी भांडते, खोटे बोलते, रमजानमध्ये दमते, पण राहते त्यांच्यातच.

आता राजीनाम्याकडे. २०१६ साली मार्व्हलच्या कथांत मोठ्या नायकांमध्ये यादवी माजली. भविष्य दिसणारा एक तरुण सापडला होता. त्याच्या दृष्टान्तावरून गुन्हा घडण्याआधीच माणसाला पकडायचे की नाही, हा वादाचा मुद्दा. कॅरल म्हणते, पकडायचे. कमाला आधी तिच्या बाजूने उभी राहते. कॅरल तिचा आदर्श, विरोध कसा करणार? मग केवळ ‘पुढे काहीतरी करेल’ म्हणून तिच्याच शाळेतला एक मुलगा डांबला जातो. त्याला सोडवायला निघालेला तिचा जिवलग मित्र ब्रुनो कायमचा जायबंदी होतो. कमालाचे आणि कॅरलचे नाते तुटते.

काहीही न केलेल्या पोराला संशयावरून उचलून नेणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. शहाबानो कोण, हमीद दलवाई कोण, हे जितके घराघरात बोलले जाते, त्याहून जास्त हे बोलले जाते, फक्त आवाज खाली करून. ती भीती एका अमेरिकन कॉमिकमध्ये, सोळा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून मांडलेली वाचताना मी थबकले.

यादवी संपते आणि शहरात पडझड मागे राहते. मोठे आपापल्या रागात मश्गूल असतात, निस्तरायला कोणी नसते. कमाला अ‍ॅव्हेंजर्समधून बाहेर पडते. तिच्यासोबत माइल्स मोरालेस, म्हणजे नव्या पिढीचा स्पायडरमॅन. वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची. तिसरा सॅम अलेक्झांडर उर्फ नोव्हा, अ‍ॅरिझोनातल्या छोट्या गावचा मुलगा, ज्याचे वडील शाळेत झाडलोट करायचे. मग येतो अमेडियस चो, कोरियन वंशाचा अतिहुशार मुलगा, जो त्या काळात हल्क होता. पाठोपाठ व्हिव, जी माणूस नसून बनवलेली मुलगी आहे आणि भावना म्हणजे काय हे शिकते आहे. शेवटी स्कॉट समर्स, १९६३ च्या एक्स-मेनमधला कोवळा सायक्लॉप्स, जो काळाच्या उलथापालथीत आजच्या जगात येऊन अडकला आहे. लेखक मार्क वेड, चित्रकार हुम्बेर्तो रामोस.

पहिल्याच मोहिमेत ही मुले मुलींची तस्करी करणाऱ्या एका गुंडाला पकडतात. राग इतका की त्याला तिथेच ठेचावे. कमाला थांबवते. आमची ताकद सूड घेण्यासाठी नाही, आम्ही वेगळे वागून दाखवू, अशा अर्थाचे ती बोलते. कुणीतरी ते फोनवर टिपते, ते सगळीकडे पसरते आणि लोकच या पथकाला नाव देतात.

पुढे यातली एक गोष्ट शिक्षकांनी तरी जरूर वाचावी. २०१८ मधला चोविसावा अंक जिम झब यांनी लिहिला आहे. माइल्सच्या शाळेत गोळीबार होतो. ठोसा मारायला समोर कोणी महाखलनायक नाही. नायक पोचतात तेव्हा घडायचे ते घडून गेलेले असते. उरतात भेदरलेली मुले आणि सुन्न शिक्षक. ताकदवान मुलांनाही तिथे फक्त सोबत बसता येते. सुपरहिरोंच्या कॉमिकने आपल्या ताकदीची हद्द इतक्या सरळ कबूल करावी, हे मला फार प्रामाणिक वाटले.

आता माझ्या म्हणण्याकडे येते. या सगळ्या कथांमध्ये मोठ्यांचे तीन नमुने आहेत, आणि तिन्ही मला आपल्या आसपास रोज दिसतात.

पहिला नमुना ‘मिस मार्व्हल’च्या सुरुवातीच्या खंडातला खलनायक. त्याला ‘इन्व्हेंटर’ म्हणतात, एडिसनची नक्कल आणि वर पक्ष्याचे डोके, अगदी विनोदी प्रकरण. पण त्याचा कारभार विनोदी नाही. शहरातून मुले नाहीशी होतात आणि कमालाला वाटते, पळवली. प्रत्यक्षात मुले आपखुशीने त्याच्याकडे गेलेली असतात. तुमची पिढी निकामी, तुम्ही जगावर ओझे, निदान तुमच्या शरीरातली वीज तरी आमच्या यंत्रांना द्या, असे तो त्यांना पटवतो आणि त्यांना ते पटते. कारण हे वाक्य त्यांनी घरी, दारी, टीव्हीवर इतक्या वेळा ऐकलेले असते. ‘आजकालची पोरं’ या शब्दांनी सुरू होणारे आपले प्रत्येक वाक्य आठवून पाहा. आपल्या मुलांना तर ते दोन बाजूंनी ऐकावे लागते. बाहेरचे म्हणतात, तुम्ही संशयित. घरचे म्हणतात, तुम्ही बिघडलेले. निकामी ठरवलेले मूल आधी बंड करत नाही, आधी ते विझते. वर्गात मागच्या बाकावर मी असे चेहरे पाहते.

दुसरा नमुना म्हणजे कायदा. २०२० मध्ये इव्ह युइंग या लेखिकेने ही गोष्ट लिहिली. कमालाच्या शाळेत एका कार्यक्रमाच्या वेळी हल्ला होतो. तो परतवताना चॅम्पियन्सच्या हातून परिस्थिती निसटते, इमारत कोसळते आणि कमाला स्वतः बेशुद्ध होऊन इस्पितळात पडते. लोकांना माहीत नसते की हीच मिस मार्व्हल. त्यांना दिसते फक्त पोरकट सुपरहिरोंमुळे जखमी झालेली एक शाळकरी मुलगी. देश हळहळतो आणि कायदा होतो: एकवीस वर्षांखालच्या नायकांना बंदी. काम करायचेच असेल तर सरकारने मान्य केलेला मार्गदर्शक हवा. कायद्याला लोक नाव देतात ‘कमालाज लॉ’. जिच्या नावाने तो झाला, ती बेशुद्ध. तिला कोणी विचारलेले नाही. शुद्धीवर येते तेव्हा तिला कळते की आपल्या रक्षणासाठी आपल्यालाच गुन्हेगार ठरवले आहे.

हे वाचून अमेरिकेच्या राजकारणाऐवजी मला शाळेची वाट आठवली. वाटेवर एका मुलीची छेड काढली जाते. दुसऱ्या दिवशी तिची शाळा बंद. आठवडाभरात त्याच गल्लीतल्या आणखी दोन मुली यायच्या थांबतात. छेड काढणारा मुलगा मात्र त्याच नाक्यावर उभा असतो. कोणी वाईट हेतूने काही केलेले नसते. अब्बूंच्या डोळ्यांत खरी काळजी असते, हे मी पालकांशी बोलताना पाहिले आहे. ‘मॅडम, काही बरेवाईट झाले तर?’ हा प्रश्न खोटा नाही. पण त्या काळजीतून जो नियम निघतो, तो नेहमी मुलीवरच का येऊन पडतो? आणि तो करताना त्या मुलीला विचारायचे कुणाच्याच मनात का येत नाही? जिच्यावर प्रसंग आला, तिच्याच नावाने दुसऱ्या मुलींची वाट बंद होते: ‘अमक्याच्या मुलीचे काय झाले, पाहिले ना?’ आपल्या प्रत्येक मोहल्ल्याचा एक न लिहिलेला ‘कमालाज लॉ’ आहे.

तिसरा नमुना मला सर्वांत प्रिय आहे. तो म्हणजे जर्सी सिटीच्या मशिदीतले शेख अब्दुल्ला. रात्री-अपरात्री बाहेर राहणाऱ्या कमालाला तिचे आई-वडील त्यांच्याकडे पाठवतात. कमालाला वाटते, आता प्रवचन ऐकावे लागणार. वाचणाऱ्यालाही तेच वाटते, कारण अशा कथांत मौलवी म्हणजे दटावणारी दाढी, हे ठरलेले असते. कमाला सगळे सांगत नाही, एवढेच सांगते की मी लोकांना मदत करते आहे. शेखसाहेब ‘थांब’ म्हणत नाहीत. त्यांचा मथितार्थ असा: करायचेच असेल तर धैर्याने, सचोटीने, करुणेने आणि स्वतःचा आब राखून कर. आणि एकटी चाचपडू नकोस, एखादा उस्ताद शोध.

त्या एका सल्ल्यात मला शिक्षणशास्त्राचे सार दिसते. बीएडला आम्ही विद्यार्थिकेंद्री शिक्षणावर पानेच्या पाने लिहिली. त्या पानांतले मर्म मशिदीतला हा कल्पित शेख दोन मिनिटांत सांगून जातो. कायद्यातही मार्गदर्शक आहे, हे खरे. पण तो कागदावरचा, नेमून दिलेला, लगाम धरण्यासाठी ठेवलेला. उस्ताद तसा नसतो. तो चेल्याची ताकद ओळखतो, तिला वळण देतो आणि चूक झाली तर पाठीशी उभा राहतो. तालीम या शब्दात शिक्षणही आहे आणि आखाड्याचा सरावही. मुलाला आखाड्याबाहेर ठेवून तालीम देता येत नाही.

कुणी म्हणेल, बाई, ही कागदावरची मुलगी. तिची हाडे रबरासारखी ताणतात, आमच्या मुलींची मोडतात. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मी ‘सोडून द्या’ असे म्हणत नाही. शेखसाहेबही सोडून देत नाहीत. मुलीला सोबत द्या. चार मुलींचा गट करून एकत्र पाठवा. नाक्यावरच्या मुलाच्या बापाकडे जमातीतल्या चार वडीलधाऱ्यांनी जाऊन बसावे. शाळेच्या वेळेला बस हवी म्हणून आगारात अर्ज द्यावा. यातली प्रत्येक गोष्ट मुलीला घरी बसवण्यापेक्षा अवघड आहे. रक्षण करायचे असेल तर त्याचा भार मोठ्यांनी उचलायचा असतो.

या कॉमिक्सवर माझे आक्षेपही आहेत. एका अंकात हे पथक धर्माच्या नावाने बायकांना छळणाऱ्या बंदूकधाऱ्यांविरुद्ध दूरच्या एका कल्पित देशात जाते. हेतू चांगला आहे, पण मुसलमान बाईच्या सुटकेसाठी अमेरिकेतून कोणीतरी उडत यावे, हा जुना सूर तिथे ऐकू येतोच. २००२ साली एक्स-मेनमध्ये आलेली अफगाण मुलगी सूरया कादिर उर्फ ‘डस्ट’ याच सुरात आली होती: आधी सुटका करून घेणारी, मग नायिका. कमालाच्या स्वतःच्या मालिकेत मात्र याचे उत्तर आहे. ती कराचीला आजीकडे जाते, तिथेही वाकडे ते सरळ करायला धावते आणि गोंधळ वाढवते. तेव्हा तिथलाच एक मुखवटाधारी तरुण तिला सुनावतो की इथले प्रश्न तुला ठाऊक नाहीत. ही समज चॅम्पियन्सच्या पानांत थोडी अधिक असती, तर बरे झाले असते.

तरी एवढे म्हणेन. बुरखा घालून शाळा वाचवणारी शिक्षिका पाकिस्तानच्या ‘बुर्का अ‍ॅव्हेंजर’ या उर्दू कार्टून मालिकेने २०१३ मध्ये दाखवली, कुवेतच्या ‘द ९९’ ने त्याआधीच मुसलमान नायकांचे पथक उभे केले होते. त्या दोन्हींत सद्गुण आधी ठरतात, माणसे नंतर. कमालाचे उलटे आहे. ती आधी एक विसराळू, खादाड, भाबडी मुलगी आहे. म्हणून ती आपल्या वर्गातली वाटते.

वाचायचे कुठून, हे सांगून थांबते. सरळ चॅम्पियन्स उघडू नका, नावांच्या गर्दीत हरवाल. ‘मिस मार्व्हल’चे पहिले दोन खंड आधी वाचा. त्यात घर, मशीद, शाळा, इन्व्हेंटर आणि शेखसाहेब सगळे भेटतात. मग २०१६ ची यादवी कमालाच्या मालिकेतूनच वाचा, मुंबई आणि कराचीही तिथेच आहेत. त्यानंतर चॅम्पियन्सचा पहिला खंड, चोविसावा अंक आणि शेवटी युइंगबाईंची कायद्याची गोष्ट. कायद्याचे पुढे काय होते ते मी सांगत नाही. इंग्रजी सोपे, बोलीतले आहे. नववी-दहावीचे मूल शब्दकोश न उघडता पुढे जाऊ शकते, आणि अम्मी-अब्बूंच्या संवादांतले उर्दू शब्द तुम्ही त्याला समजावू शकता. २०२२ ची टीव्ही मालिका आधी पाहिली तरी चालेल. अब्बू-अम्मीच्या भूमिकांत मोहन कपूर आणि झेनोबिया श्रॉफ हे आपल्याकडचे कलाकार आहेत. फक्त मालिकेतली कमालाची ताकद आणि घराण्याची कथा पुस्तकापेक्षा वेगळी आहे, हे लक्षात ठेवा.

आणि मुलीसोबत बसून वाचा. वाचून झाल्यावर तिला एकच प्रश्न विचारा: ‘तुझ्यासाठी आम्ही केलेल्या नियमांपैकी कोणता नियम तुला न विचारता केला?’ उत्तर येईपर्यंत गप्प बसा.